सूर्याची मोजणी

नाही मॅडम, मुंबईचं पत्र नाही आलं — आलं असतं तर शामलानं तुमाले सांगितलंच असतं ना, तुमीच तिच्या कॉलेजातल्या मॅडम — बसा, चहा घ्या, पोरगी बाजारात गेली — पण ती घरी नसतानीच नेमक्या तुमी काहून आल्या? असू द्या. एमएस्सी झाली, आता मुंबईले जाऊन सूर्याचं कोडं सोडवायचं म्हणते. तिनंच समजावलं मले — सूर्यातून बारीक बारीक कण निघतात म्हणे, आपल्या अंगातून आरपार जातात, समजत बी नाही — अन् तिकडं अमेरिकेत खाणीच्या पोटात टाकी ठेवून किती वर्षं मोजून राहिले, तर तीनातला एकच सापडते. दोन कुठं गेले? मोठमोठ्या पंडितायले पत्ता नाही. मले आहे. तीस वर्षं झाली, संत्रा मार्केटात फळं मोजून राहिलो — पहिल्याले आमी एक नाही म्हणत, लाभ म्हणतो, मंग दोन, मंग तीन — काटोलहून गाडी भरून निघाली अन् इथं माल कमी भरला, तर झाड खोटं नसते मॅडम, मोजणारा बी खोटा नसते — मधातल्यानं हात मारला असते. शामलाले म्हटलं, तर हसली. म्हणे, बाबा, सूर्य अन् जमिनीच्या मधात कोणीच नाही. कोणीच नाही, असं कुठं होते का?

अन् तुमाले तरी तिले तिकडं धाडायची एवढी घाई काहून? मुंबईवाल्यायनं काही कबूल केलं का तुमाले? नाही? बरं. तिची माय गेली तवापासून या घरात आमी दोघंच — भेव वाटते मले, खरं सांगतो, गेली का वापस येणार नाही ती. पण म्हणून काय मी तिचं पत्र दाबून ठेवीन? इंग्रजी तर वाचता बी येत नाही मले — सोळा ओळी, खाली निळी सही, त्यात माझ्यासारख्यानं काय समजावं —

काय झालं? कप काहून खाली ठेवला? सोळा म्हणजे — असतात ना, कोणत्याही पत्रात असतात — समोर आलं का मोजतो मी, सवयच पडली.

अशा पाहू नका माझ्याकडं. फाटक वाजलं, तीच असंन. तिच्यासमोर काही बोलू नका — उठा, इकडून, मागच्या दारानं. उठा ना, मॅडम.