फवारणीची सकाळ

एलिहिया : सही घ्यायला आलास ना? मग दे की कागद. मघापासून नुसता हातात धरून बसलायस.

गास्पार : देतो, ताई. आधी एकदा वाचून दाखवू?

एलिहिया : मीच सांगितलं, तूच लिहिलंस. वाचायचं काय त्यात? मिनेलिया काविचनं आपली जमीन परगावच्या सोयाबीनवाल्यांना दिली, त्यांनी विष मारलं, माझे मधमाश्या पाळलेले अकरा पोकळ ओंडके रिकामे झाले. गावानं तिला जाब विचारावा. संपलं. रविवारी सभेत तू वाच, अध्यक्ष तू आहेस.

गास्पार : तीन ओंडके तरी राहिले ना?

एलिहिया : तीन! त्यातल्या एकाचा आवाज ऐकायला लाकडाला कान लावून बसावं लागतं. आईच्या वेळेपासून आपल्याकडे चौदा होते, गास्पार. दुष्काळात चौदा, वादळात चौदा. नांगीसुद्धा नाही रे आपल्या ह्या शुनान काब माश्यांना. जन्मात कुणाला चावल्या नाहीत. मेरिदा शहराहून बायका यायच्या मधासाठी. लहानपणी तुझे डोळे चिकटायचे, तेव्हा आई ह्याच मधाचा थेंब घालायची. आठवतं?

गास्पार : आठवतं.

एलिहिया : मग सभेत जरा जोरात वाच. इकडे आण, कुठे करू सही?

गास्पार : ताई, मला हे वाचता येणार नाही.

एलिहिया : का? तिला घाबरलास?

गास्पार : तिनं काही केलेलं नाही.

एलिहिया : तिनं नाही, तिच्या सोयाबीनवाल्यांनी.

गास्पार : त्यांनीही नाही. त्या आठवड्यात त्यांची माणसं आलीच नव्हती. यंत्र बिघडून पडलं होतं त्यांचं.

एलिहिया : आणि हे तुला बरं ठाऊक?

गास्पार : कारण मी मारलं.

एलिहिया : काय मारलंस?

गास्पार : औषध. माझ्या मिरचीवर. पांढरी माशी बसली होती, पानं आकसायला लागली होती. दुकानदारानं जालीम काहीतरी दिलं. बजावलं होतं त्यानं, संध्याकाळी मारा, मधमाश्या घरी गेल्यावर. मी सकाळी मारलं.

एलिहिया : सकाळी किती वाजता?

गास्पार : आठ. बांधावरच्या पिवळ्या फुलांवर बसल्या होत्या, ताई. मला दिसत होत्या. तुझ्याच होत्या. मी पंप मारत राहिलो.

एलिहिया : का?

गास्पार : संध्याकाळी बेसबॉलचा सामना होता. बस्स. एवढंच. शिव्या दे.

एलिहिया : जिंकलात का?

गास्पार : हरलो.

एलिहिया : मेलेल्या माश्या मी पानांत गुंडाळल्या. आई गुंडाळायची तशा. पुरायला खड्डा कुणी खणला?

गास्पार : मी.

एलिहिया : मी म्हटलं, त्या बाईला सोडायचं नाही. तू काय म्हणालास?

गास्पार : काही नाही. मान हलवली.

एलिहिया : मान हलवलीस.

गास्पार : त्याच दिवशी सांगणार होतो. देवाशपथ. पण दुसऱ्या दिवशी तू गिरणीवर तिला सगळ्यांदेखत बोललीस. मग आणखी जड झालं. आणि फवारणी नको, रान राखा म्हणून गावभर भाषणं ठोकणारा कोण? मीच. शाळेच्या भिंतीवर मधमाशीचं चित्र काढून घेतलंय ना मी, हल्ली त्या रस्त्यानं जात नाही. मागून जातो.

एलिहिया : ‘विष पेरणारी’ म्हटलं मी तिला. तिच्या सुनेसमोर, नातीसमोर. गिरणी बंद करून बायका ऐकत होत्या. तेव्हापासून ती उकडलेल्या मक्याची बादली घेऊन शेजारच्या गावी जाते दळायला. रोज जाते माझ्या दारावरून.

गास्पार : चूक माझी आहे, ताई. तू कशाला—

एलिहिया : बरं वाटायचं रे मला. ती उन्हात चालत जाताना बघून बरं वाटायचं. मुद्दाम बाहेर येऊन उभी राहायचे.

गास्पार : तुला काय माहीत होतं?

एलिहिया : गप बस. तुझं तुझ्यापाशी ठेव, माझं मला बघू दे. ऊठ.

गास्पार : कुठे?

एलिहिया : तिच्याकडे.

गास्पार : आत्ता? रविवारी सांगतो ना सभेत, उभा राहून, सगळ्यांसमोर.

एलिहिया : सभेत सांगशीलच. पण आधी तिला. चारचौघांबरोबर कळावं असं नाही हे.

गास्पार : शर्ट तरी बदलून येतो.

एलिहिया : आहेस तसा चल.

(मिनेलियाचं घर. ती दारात उभी आहे, दोघं कुंपणाबाहेर.)

मिनेलिया : तिथूनच बोला. सभेचा कागद आणलाय ना? कळलंय मला.

एलिहिया : कागद फाडला. मिनेलिया, ते तुझ्या शेतातलं नव्हतं. आमच्या गास्पारनं केलं.

गास्पार : मिरचीवर औषध मारलं, मिनेलियाबाई. भर सकाळी, फुलांवर माश्या असताना. आणि सहा आठवडे तोंड शिवून बसलो. रविवारी सांगणार आहे सभेत. अध्यक्षपदही सोडतो.

मिनेलिया : सोड नाहीतर धर. मला काय त्याचं?

एलिहिया : मी जे बोलले तुला...

मिनेलिया : माझी नात विचारते, आजी, विष कसं पेरतात गं? काय सांगू तिला?

एलिहिया : मी सांगते. माझं चुकलं म्हणून तिच्यासमोर सांगते. गिरणीवरही सांगते.

मिनेलिया : जमीन मी दिली, ते खरं आहे. तेव्हा घर चालत नव्हतं. त्यांनी पाणवठ्याजवळचं मोठं झाड पाडलं, तेही खरं. त्याची लाज मला आहेच, एलिहिया. ती तू शिकवायला नको होतीस.

गास्पार : ते पोकळ झाड? पाडलं?

मिनेलिया : पाडलं. आत माश्या होत्या. मी आणि सुनेनं मिळून तेवढाच ओंडका कापून घेतला, दोन्ही तोंडं मातीनं लिंपली, चादरीत घालून घरी आणला. त्या छपराखाली ठेवला होता.

एलिहिया : तुझ्याकडे शुनान काब होत्या? कधी बोलली नाहीस.

मिनेलिया : जगतात की नाही बघावं म्हटलं, मग बोलावं. दोन महिने जगल्या. चांगल्या रुळल्या होत्या. मग एका दिवशी ओंडक्याच्या भोकापाशी मेलेल्यांचा ढीग. तुझ्या मेल्या त्याच दिवशी.

एलिहिया : अगं, मग मला यायचं होतंस विचारायला.

मिनेलिया : आले होते की. त्या दिवशी गिरणीवर तुझीच वाट बघत थांबले होते मी. म्हटलं, हिला विचारावं, माझं काय चुकलं.