आईला मासा व्हायचंय

सिनिया : ...म्हणजे गुरुवारी समुद्र, शुक्रवारी जंगल, शनिवारी पुन्हा समुद्र आणि रविवारी परत. धबधब्यापर्यंत चांगली पायवाट आहे, आई, कठडासुद्धा लावलाय. लाकडी खोली ठरवून ठेवलीय मी. माकडं दिसतील, मोठ्या चोचीचे तुकान दिसतील...

सेनेइदा : माकडं मी इथे पुरिस्कालमध्ये जन्मभर पाहिली. एक तर माझ्याच घरात वाढवलं.

ओल्मान : मी काही बोललो का? मी गप्प बसून कॉफी पितोय.

सेनेइदा : तू उठ आणि चिवेर्रे ढवळ. भोपळा तळाशी लागला की सगळ्या मुरांब्याला वास येतो. आणि शुक्रवारी जंगल नको, सिनिया. शुक्रवारी समुद्र.

सिनिया : अगं, शुक्रवारी समुद्रावर जाऊन करायचं काय? लहानपणापासून बघतेय. येशूच्या मरणाचा दिवस, पाण्यात पाय घालायचा नाही, घातला तर मासा होतो. बेहुकोचा अख्खा किनारा वाळूत बसून भाजून निघतो. पत्ते खेळायचे, डब्यातला ट्यूना आणि भात खायचा, आणि समोर एवढा समुद्र पसरलाय त्यात एक माणूस नाही. म्हणून म्हटलं, तो दिवस तरी झाडाखाली घालवू.

सेनेइदा : या वर्षी एक माणूस असेल. मी उतरणार आहे.

सिनिया : कुठे?

सेनेइदा : पाण्यात.

ओल्मान : शुक्रवारी?

सेनेइदा : शुक्रवारीच. गुरुवारी उतरून काय मिळणार? नुसती ओली होईन.

सिनिया : एक मिनिट. म्हणजे तुला...

सेनेइदा : मासा व्हायचंय. कॉफी घे, निवतेय.

ओल्मान : ताई, हिच्या गोळ्या बदलल्या का डॉक्टरांनी?

सेनेइदा : गोळ्या त्याच आहेत. आणि मी इथेच बसलेय, मला विचार.

सिनिया : आई, हे बघ. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. माणसाचा मासा होत नाही. माशापासून माणूस झाला, तोही कोट्यवधी वर्षं खाऊन. उलटा प्रवास नसतो.

सेनेइदा : मग तू शुक्रवारी कधी उतरली का नाहीस?

सिनिया : मी? तशी वेळ आली नाही.

ओल्मान : दर वर्षी जातो की आपण. तू पन्नाशीला आलीस, ताई. आणि शुक्रवारी तर भरतीची लाट जवळ आली की खुर्ची उचलून मागे पळतेस. मी पाहिलंय.

सिनिया : ते खुर्ची भिजू नये म्हणून. तू उतरलास का?

ओल्मान : मी कुठे जीवशास्त्र शिकवतो? मला भीती वाटते. मी सरळ कबूल करतो.

सेनेइदा : पाद्रीबाबांनाही विचारलं मी. म्हणाले, चर्च असलं काही शिकवत नाही, दोन्या सेनेइदा, ही सगळी जुन्या बायकांची बडबड. मग मी म्हटलं, तुम्ही स्वतः उतरलात कधी? तर म्हणाले, शुक्रवारी त्यांना फार काम असतं.

ओल्मान : बघ!

सिनिया : काय बघ? तू कुणाच्या बाजूने आहेस?

ओल्मान : मी ढवळतोय नुसता. पण आई, मासाच का? शुक्रवारी झाडावर चढलं तर माकड होतं म्हणतात ना. ताईने जंगलातली खोली ठरवलीच आहे. माकड झालीस तर निदान दिसशील तरी. येताजाता केळी देऊ.

सेनेइदा : या गुडघ्यांनी झाडावर चढू मी? चढता आलं असतं तर माकड व्हायची गरजच काय होती?

सिनिया : तुला पोहता येत नाही, आई!

सेनेइदा : माशाला कोण शिकवतं?

सिनिया : आणि तुझं मीठ? डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलंय. बीन्समध्ये चिमूटभर घालू देत नाहीस मला. आणि निघालीस अख्ख्या समुद्रात राहायला!

सेनेइदा : हं. याचा मी विचार केला नव्हता.

ओल्मान : परीटा नदी समुद्राला मिळते ना, तिथलं पाणी कमी खारट असतं.

सिनिया : ओल्मान!

ओल्मान : तिच्या रक्तदाबाचं बघतोय गं.

सेनेइदा : नदीच्या मुखाशी मगरी असतात रे, बाळा.

ओल्मान : हो. ते राहिलंच. मग कोणता मासा होणार, ते आपल्या हातात असतं का? की जे मिळेल ते?

सेनेइदा : कोर्विना नको. कोर्विना सगळे खातात.

ओल्मान : सगळ्यात जास्त मीच खातो. म्हणजे आता सेविचे बंद! शनिवारी पहाटे होड्या निघतात, आई. दुपारपर्यंत तो मासा चिरून, लिंबू पिळून बशीत येतो. मी पहिला घास तोंडात घालणार आणि आतून आवाज येणार, 'हात धुतलेस का?'

सेनेइदा : धूत नाहीस म्हणूनच येणार.

सिनिया : तुम्ही दोघं मला वेड लावणार आहात. आई, बाबांचं काय? कबरस्तानात त्यांच्या शेजारची जागा तुझ्यासाठी राखून ठेवलीय. ते तिथे वाट बघत असतील.

सेनेइदा : बघू देत की. संसारभर रोज दुपारी जेवण झाकून मी त्यांची वाट पाहिली. आता त्यांची पाळी.

ओल्मान : आणि आम्हाला भेटायचं झालं तर? कुठे यायचं?

सेनेइदा : बेहुकोला, मोठं बदामाचं झाड होतं तिथून दोनशे मीटर समुद्राकडे.

ओल्मान : ते झाड पडून दहा वर्षं झाली.

सेनेइदा : पण कुठे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या घराचा पत्ता तरी काय आहे? बंद पडलेल्या डेअरीपासून शंभर मीटर दक्षिणेला, निळ्या फाटकासमोर. फाटकही आता हिरवं आहे. तरी पोहोचतात ना लोक?

ओल्मान : पोहोचतात. कधीकधी डेअरीचंच बंद दार ठोठावत बसतात, पण पोहोचतात.

सिनिया : पत्ता कसला विचारतोस तिला? दहा-बारा फूट पाण्याखाली कुणाला हाक मारणार आहेस?

ओल्मान : विचारायला काय जातं? उद्या शेजारची दोन्या फ्लोरी म्हणाली, आईला माझा निरोप सांग, तर मी काय उत्तर देऊ?

सिनिया : नाही. नाही, नाही. समजा झालीस तू मासा. समजा! तरी मी तुला तिथे सोडून येईन असं वाटलं तुला? त्या होड्यांमध्ये, त्या पेलिकनांमध्ये? मी तिथल्या तिथे तुला उचलीन, बर्फाच्या पेटीत पाणी भरीन आणि घरी आणीन. काचेची मोठी टाकी घेईन, हवेचे बुडबुडे सोडणारी. दिवाणखान्यात जागा आहे माझ्याकडे, खिडकीपाशी. शाळेतून आले की तुझ्यासमोर बसेन.

सेनेइदा : बघ. बघ, ओल्मान. मासा झाले तरी सुटका नाही. हिच्याच फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर.

सिनिया : काय म्हणालीस?

सेनेइदा : चौथ्या मजल्यावर म्हणाले.

सिनिया : अच्छा. म्हणजे हे सगळं त्यावरून आहे तर.

ओल्मान : चिवेर्रे झाला वाटतं. मी जरा अंगणातून...

सेनेइदा : तू बस खाली.

सिनिया : तुला माझ्याकडे यायचं नाही, म्हणून तू समुद्रात जीव द्यायला निघालीस?

सेनेइदा : जीव कोण देतंय? मासा जिवंतच असतो. ईस्टर झाला की सोमवारी तुझ्याकडे सॅन होसेला माझी ट्रंक जाणार. त्याच दिवशी तो दातांचा डॉक्टर इथे भाड्याने येणार. या स्वयंपाकघरात त्याची ती मागे झुकणारी खुर्ची बसणार. जिथे तुम्ही दोघं जेवलात, तिथे लोक आ वासून पडणार. मग मी म्हटलं, त्याआधी शुक्रवार येतोय.

सिनिया : तू पडलीस, आई! जानेवारीत न्हाणीघरात पडलीस, आणि दोन्या फ्लोरी साखर मागायला येईपर्यंत गार फरशीवर तशीच पडून होतीस. तिच्या घरी त्या दिवशी साखर असती तर? मला तेव्हापासून झोप नाही. फोन वाजला की वाटतं, परत पडलीस. नाही वाजला की वाटतं, फोनपर्यंत पोहोचलीच नाहीस.

सेनेइदा : ठाऊक आहे मला.

सिनिया : मग माझं चुकलं काय? लिफ्ट आहे. समोर दवाखाना आहे. तुझी खोली मी स्वतः रंगवली, सुट्टी काढून. पिवळी.

सेनेइदा : पिवळी का?

सिनिया : तुला आवडतो म्हणून.

सेनेइदा : तुझ्या बाबांना आवडायचा. म्हणून हे घर पिवळं. मला कुठला रंग आवडतो, ते मला आजवर कुणी विचारलं नाही.

ओल्मान : कुठला आवडतो?

सेनेइदा : आता विचारून काय उपयोग? रंग वाळला. हे बघ, सिनिया. या सुट्टीसाठी आठवडाभर तू मला फोनवर फोन केलेस. खिडकीशी बसशील की मध्ये? उशी घरची घ्यायची की तिथली चालेल? सुक्या माशाचं सूप करायचं की पामच्या कोंबांचा भात? पंखा पायांवर की डोक्यावर? चार दिवसांच्या सुट्टीत मी कशी झोपणार ते तुला माझ्याकडून ऐकायचं होतं. आणि पुढचं सगळं आयुष्य मी कुठे झोपणार, ते तुम्ही दोघांनी फोनवर ठरवून टाकलंत.

ओल्मान : मी नुसतं हो म्हटलं.

सेनेइदा : तू नेहमी नुसतं हो म्हणतोस. तेवढ्यावरच माझं घर गेलं.

सिनिया : मग नाही म्हणायचं होतंस! तोंड आहे ना तुला? पाद्रीबाबांना अडवता येतं, मला नाही म्हणता येत नाही?

सेनेइदा : विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं. तू सांगायला आली होतीस. हातात पडद्याच्या कापडाचे नमुने घेऊन आली होतीस आणि इतकी दमलेली दिसत होतीस... मी नुसतं म्हटलं, कापड छान आहे. राग आहे मला, पोरी. फार राग आहे. आणि तुझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली की तो तोंडातून बाहेर पडत नाही. मग करायचं काय? रात्रंदिवस विचार केला आणि हा मासा सुचला. माशाला कुणी म्हणत नाही, चल, तुझ्या भल्यासाठी.

(शेगडीवर मुरांबा रटरटतो. ओल्मान उठून आच बंद करतो.)

ओल्मान : दातवाल्याला मी फोन करतो. सांगतो, सोमवारी येऊ नका.

सिनिया : अरे, त्याला शब्द दिलाय आपण.

ओल्मान : तू दिलास, मी हो म्हटलं. आता मी नाही म्हणतो. जन्मात पहिल्यांदा कुणाला नाही म्हणायला निघालोय, ताई, मध्ये बोलू नकोस. माझा धीर जाईल.

सिनिया : आणि ती परत पडली तर? कोण उचलणार? तू? सकाळी नऊशिवाय तुझे डोळे उघडत नाहीत.

ओल्मान : मी इथे येऊन झोपेन. मागच्या खोलीत. आईला चालत असेल तर.

सेनेइदा : घोरतोस तू.

ओल्मान : घोरतो.

सेनेइदा : निदान तू विचारलंस तरी.

सिनिया : म्हणजे मीच वाईट ठरले. ठीक आहे. मीच दुष्ट. तीन महिने डोळ्याला डोळा लागला नाही, वर्गात मुलांना बेडकाचं हृदय समजावता समजावता तुझा विचार येऊन फळ्यासमोर गप्प उभी राहते मी, आणि...

सेनेइदा : रडू नकोस. सिनिया. इकडे बघ. वाईट नाहीस तू. घाबरलेली आहेस. बाबा गेले तेव्हापासून घाबरलेली आहेस, आणि घाबरलं की तू सामान बांधायला घेतेस. लहानपणी वीज कडाडली तरी दप्तर भरून दारात उभी राहायचीस.

सिनिया : मला तू जायला नको आहेस गं. कुठेच. समुद्रातही नको आणि... कुठेच नको.

सेनेइदा : ते तू ठरवणार नाहीस आणि मीही नाही. तेवढं एक सोड. बाकी बोल.

सिनिया : आई.

सेनेइदा : बोल ना.

सिनिया : तुला कुठे राहायचंय?

सेनेइदा : ऐकू नाही आलं.

सिनिया : आलंय तुला ऐकू.

सेनेइदा : आलंय. पण परत विचार. बरं वाटतं.

सिनिया : तुला कुठे राहायला आवडेल, आई? इथे, माझ्याकडे, की आणखी कुठे? तू सांगशील तसं करू. मी फाटे फोडणार नाही.

सेनेइदा : हं. असा प्रश्न आला की माणसाला विचार करावा लागतो. एकदम नाही सांगता यायचं. लिफ्ट आहे म्हणालीस?

सिनिया : आहे.

सेनेइदा : आणि खाली पाव मिळतो?

सिनिया : मिळतो. पण तुझ्यावर काही दडपण नाही.

ओल्मान : मग शुक्रवारचं काय ठरलं? ती लाकडी खोली ठेवायची की सोडायची? त्यांना आज कळवायचंय.

सेनेइदा : सोड. शुक्रवारी समुद्रच. पाणी समोर असलं की डोकं बरं चालतं माझं.

सिनिया : आणि उत्तर कधी देणार तू?

सेनेइदा : रविवारी. परत येताना, गाडीत.