माझं नाव तेवढं सोडून

...अन् अण्णासाहेबाचं नाव तेवढं बरं ध्यानात ऱ्हातंय तिच्या. तुमाला सांगतो, आमची साळूबाई, बेचाळीस वर्सं संसार केला, आता विसरायचा आजार असा की चूल कुटं अन् मोरी कुटं हे समजत न्हाई, पोटच्या लेकीला वयनी म्हणती, पण मंगळवार उजाडला की एकच घोशा, "अण्णासाहेब आलं का?" मी आपला गप.

मंगळवारी सकाळी उरवड्याला देवळामागच्या हॉलात अशा विसरणाऱ्यांचं अन् त्यांना सांभाळणाऱ्यांचं गाणं असतंय. हेमलताबाई पेटी वाजवत्यात, आमी समदे गोल बसून गातो. हा अण्णासाहेब हिंजवडीचा, सून कल्पना गाडीनं आणती त्याला. इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तर... अहो, नाकावरचा चष्मा घरभर हुडकणारा माणूस, पण गळा? गळा हाय, खोटं कशाला बोलू. तो गायला की ही डोलती. त्याच्यासाठी पदरात शेंगदाण्याचा लाडू बांधून नेती. लाडू वळतो कोण? मी. पण मी आपला गप.

तितं एक खेळ असतोय. शेजारच्याचं नाव सुरात म्हणायचं. हिच्या डावीकडं अण्णासाहेब, उजवीकडं मी. डावीकडं बघून मोकळ्या गळ्यानं "अण्णासाहेब आलं हो..." अन् माझ्याकडं वळली की तोंड बंद. पाच मंगळवार झालं असं. हेमलताबाई म्हणत्यात, "आजोबा, मनाला लावून घेऊ नका." मी कशाला लावून घेतोय? फकस्त गोठ्यात म्हशीपुढं माझं नाव सुरात म्हणून बघितलं, भैरू... भैरू आलं हो... अवघड हाय का सांगा? म्हैस रवंथ सोडून बघाया लागली.

मग गेल्या मंगळवारी मी सरळ अण्णासाहेबाच्या खुर्चीत बसलो. व्हय, बसलो. त्याला माझ्या खुर्चीत बसवलं, त्याला काय त्याचं. म्हणलं डावीकडनं तरी निघंल नाव. हेमलताबाईंनी विचारलं, "साळूबाई, हे कोण?" ही बघती माझ्याकडं, बघती... अन् डोक्यावर पदर ओढला, मान खाली घातली. "काय बी इचारता बाई. मालकाचं नाव कुणी घेतं व्हय?"

पेटी थांबली. बेचाळीस वर्सांत तिनं माझं नाव कवा तोंडातनं काढलं न्हवतं, अन् तेच ऐकाया मी पाच मंगळवार झुरत बसलेलो. आता विसरायचा आजार कुणाला, तुमीच सांगा. बोलावं वाटत हुतं लई, पण मी आपला गप.

घरी येताना चाल हलकी झालती. वाटलं, मिटला अण्णासाहेब. भाकरी थापली, पिठलं हाटलं, ताट केलं, तर ही सोप्यातनं म्हणती, "अण्णासाहेबांस्नी वाढलं का?"

म्हणलं, वाढतो.

"कांदा द्या, लाजत्यात ते मागाया."

मग काय करता... कांदा फोडला, तिच्यासमोर बसलो, अन् अण्णासाहेबाच्या वाटणीचं गपगुमान जेवलो.