समुद्र हाकेच्या अंतरावर

मंडळी, एक सांगा — माणसाला जास्त जड काय जातं? खिशातले पैसे परत देणं, की तोंडातून गेलेला शब्द परत घेणं? — नको, हात वर करू नका! आधी ऐका.

समुद्राकाठच्या — हां, इथंच तर गोम आहे! — 'काठच्या' म्हणावं की नाही अशा एका गावात दिगंबर मयेकर राहायचा. घरामागं दोन खोल्या बांधल्या, पर्यटकांना द्यायला. आणि जाहिरातीत काय लिहिलं? 'समुद्र हाकेच्या अंतरावर!' अंतर किती? तीन किलोमीटर! — पेटीवाले, हसू नका! तुमचं घरही स्टेशनपासून 'पाच मिनिटं'च आहे ना?

पहिलं गिऱ्हाईक आलं. आटपाडीचा बजरंग, आणि त्याची म्हातारी आई. जन्म गेला दुष्काळात. एकदा समुद्र बघायचा, एवढीच इच्छा! दोघं निघाली चालत. वळण गेलं, चढ गेला — समुद्र कुठाय? म्हातारी रस्त्यातच बसली. "बास, पोरा. माझ्यानं न्हाई व्हायचं."

बजरंगानं तिला धरून परत आणली, आणि मालकाला मोबाइलवर धाडलं — 'आमचे पैसे परत द्या. आम्ही निघतो.'

दिगंबर स्वयंपाकघरात उत्तर लिहायला बसला. पैसे तर विहिरीच्या पंपात गेलेले!

लिहिलं — 'नियमानुसार पैसे परत मिळणार नाहीत.' खोडलं.

लिहिलं — 'हाकेचं अंतर हे हाक मारणाऱ्याच्या छातीवर अवलंबून —'

बायको, रेवती, मागून वाचत होती. म्हणाली, "मगे मारा बघू हाक!"

"मारतो!"

चिडला हो! अंगणात गेला, छाती फुगवली — "ए दर्याऽऽ!"

माड हलले. एक कोंबडी पळाली. आणि खोलीतनं आवाज आला — "ओऽऽ! आले, आलेऽऽ!"

दार उघडलं. म्हातारी काठी टेकत बाहेर! "कोन हाक मारतंय?"

बजरंग म्हणाला, "आईचं नाव दर्याबाई हाय, साहेब."

दर्याबाई! सत्तर वर्षं नाव वाहिलं, आणि दर्या पाहिला नाही! पाय सुजलेले — तरी एका हाकेला उठून आली!

मग दिगंबरानं काय लिहिलं? काहीच नाही. तोंडानंच बोलला, "आजी, मी खोटं लिहिलं. समुद्र लांब आहे. पैसे परत देतो. अर्धे आज, अर्धे सोमवारी."

"पैशाचं पोरगं बघंल. किती लांब हाय, ते खरं सांग."

"तीन किलोमीटर."

"मग ने की!"

शेजाऱ्याचा टेम्पो आणला, त्यात दोरीनं खुर्ची बांधली, खुर्चीत दर्याबाई! वाळूत उतरवली. लाट आली, पावलं भिजली. म्हातारी बघतच राहिली. मग हळूच म्हणते, "एवढं पानी! आन् राखणीला कुनीच न्हाई?"

दोघं राहिली सोमवारपर्यंत. दिगंबरानं उरलेले पैसे दिले. बजरंगानं घेतले. घेतले, मंडळी! का नको? हक्काचेच होते! पण गावी जाऊन त्यानं आणखी तीन घरं धाडली. ती आली, तेव्हा जाहिरात बदललेली — 'समुद्र तीन किलोमीटर. नेऊन आणू.'

आता तुमचं बोला! घरोघरी सांगता ना — 'देव जवळच आहे हो!' वाटेत कुणी दमून बसलं, तर त्याला काय सांगाल? आणखी थोडंच राहिलं? — की उठाल, आणि खुर्ची बांधाल?