आधीची भाडेकरीण

“आधीची बाई खाडीत बुडाली, ता हिका कशाक सांगूचा? मोठ्या मुश्किलीन खोली लागली हा.”

हे बोलल्या घरमालकीण शालनकाकी, चुलीपाशी, आपल्या जावेला. आणि ऐकलं कोणी, तर मागच्या खोलीतल्या सुनेत्राने. लग्नाला दीड महिना, बंदरावरच्या त्या गावात येऊन चार दिवस. मधली भिंत कौलापर्यंत पोचलेलीच नव्हती. पलीकडे फोडणी पडली की इकडे शिंक यायची, तिथे बोलणं काय अडणार? पण पोरगी गप्प स्वभावाची. ऐकलं, आणि कणीक मळत राहिली.

तर ऐका. त्याच संध्याकाळी तिचा नवरा विद्याधर डबा विसरून बर्फाच्या कारखान्यात पाळीला गेला. दिवेलागण झालेली. सुनेत्रा डबा घेऊन निघाली, तशा काकी ओट्यावरून म्हणाल्या, “बाजारातसून जा गो. काठान नको.”

“का हो?”

“चिखल आसता.”

जानेवारी महिना. चिखल कसला? पण चार दिवसांच्या भाडेकरणीने घरमालकिणीशी वाद घालू नये, एवढं तिला कळत होतं. जाताना गेली बाजारातून. येताना दुकानं मिटलेली, कुत्री मोकळी. म्हणून वळली काठाच्या वाटेला. एका हाताला खाडी, एका हाताला झाडी. माणूस नाही.

थोडी चालली, तर शेजारी एक बाई. कधी आली, कुठून आली, कोण जाणे. काखेत गाठोडं, साडी गुडघ्यापर्यंत ओली.

“नवीन दिसता, वहिनी. कुठे राहता?”

“शालनकाकींकडे. मागच्या खोलीत.”

“असं होय.”

आणि इथे तिची चूक झाली. आपल्यातली कुठलीही सून करील तीच. तोंडदेखलं म्हणाली, “या ना एकदा चहाला.”

“एकदा कशाला? आताच येते की.”

बरं. चालल्या दोघी.

“त्या खोलीची खिडकी अजून लागत नाही ना?” बाई म्हणाली. “जरा उचलून ओढायची. मला कळायला वर्ष गेलं.”

सुनेत्राने खाली पाहिलं. वाळूत पावलं उमटत होती, ती एकीचीच. तिने चाल वाढवली. बाईने नाही वाढवली, तरी बाई शेजारीच. उपडी घातलेली एक निळी होडी मागे पडली. पुढे पुन्हा तीच होडी. तिसऱ्यांदा तीच होडी आली तेव्हा वाटेवर पाणी चढलेलं, घोट्याला लागणारं, आणि बाईने तिचं मनगट धरलेलं. हात कसा, तर माशासारखा गार.

“इकडून जवळ पडतं,” म्हणाली, आणि पाण्याकडे वळली.

आता ऐका. ओढ काही सुटेना. पाणी गुडघ्याला आलं. बोलावलं आपणच, आता येऊ नका कसं म्हणायचं? सुनेत्राला ते जन्मात जमलं नव्हतं. शेवटी म्हणाली, “ताई, चहाचं आज जमायचं नाही. आमच्याकडे सुतक आहे.”

बाई थबकली. सुतकाच्या घरचं पाणीसुद्धा कोणी घेत नाही. मेलेलं माणूसही घेत नसावं.

“कुणाचं?”

“तुमचंच.”

बाईने हळूच विचारलं, “कुणी पाळतंय होय?”

“हो,” सुनेत्रा म्हणाली.

मनगट सुटलं. पाणी ओसरलं. समोर काकींचा दिवा, पन्नास पावलांवर.

तेव्हा अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. गेलातच, तर वाटेत कुणाला चहाला बोलावू नका.

ओट्यावर काकी आणि त्यांची जाऊ बसलेल्या. गुडघ्यापर्यंत ओली साडी त्यांनी पाहिली आणि दोघी उठूनच उभ्या राहिल्या. सुनेत्राने पाय धुतले, तांब्या पालथा घातला.

“काकी,” ती म्हणाली, “दहा दिवस मला सुतक आहे. तुम्हालाही आहे. मी तिला तसं सांगून आलेय.”