अण्णांची मोजदाद

माझा जन्म नैरोबीचा. आता लंडनला, हॅरोत लेकाकडे असते, पण कुणी मूळ विचारलं की आधी नैरोबी म्हणते आणि मग सातारा, कारण सातारा मी पाहिला तो लग्न करून गेले तेव्हाच. माझे वडील, अण्णा, नैरोबीला पोलिसांच्या हेडऑफिसात क्लार्क होते, आणि काम काय, तर माणसं मोजायचं. गोरे सेटलर किती, त्यांच्या रक्षणाला पोलीस किती, विलायतेहून आलेले सोल्जर किती, कुठल्या डोंगरापाशी किती, हे सगळं टाइप करून साहेबापुढे ठेवायचं. तेव्हा तिथे राज्य इंग्रजांचं, गोऱ्यांनी घेतलेल्या आपल्या जमिनींसाठी तिथले लोक उठले होते, सोल्जर वाढत होते, आणि अण्णा जेवताना ऐटीत सांगायचे, आपल्याला कसली भीती, एकेका बंगल्याला केवढा बंदोबस्त आहे. आम्हा पोरींना भारी वाटायचं ते. आता लाज वाटते हो. आमच्याकडे स्वयंपाकाला एक माणूस होता, डोकं पिकलेलं, नातवंडं असलेला, त्याला सगळे बॉय म्हणायचे, मीसुद्धा, फ्रॉकातली पोर.

तर काय सांगू तुम्हाला, माझे गुडघे गेले तशी कौन्सिलने केअरर दिली. वान्जिरू तिचं नाव, केनियाचीच. माझं मोडकंतोडकं स्वाहिली ऐकून हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. रोज सकाळी येते, आंघोळ घालते, केस विंचरते, मला मामा म्हणते, मामा म्हणजे त्यांच्यात आई. मीही म्हणायची, अगं तू माझी लेकच. बोलायला काय जातंय.

परवा सर्वपित्री होती. गेलेल्यांच्या नावाने पानं वाढायची, अण्णांच्याही. सुनेने वान्जिरूला मदतीला जरा थांबवून घेतलं होतं. किचनमधून सून विचारते, आई, पानं किती? आपल्यात माणसं पानांवरच मोजतात ना. मी बोटांवर मोजून सांगितलं, अण्णांचं, आईचं, आपली घरची, आणि कावळ्याचं विसरू नकोस, बाहेर पॅटिओवर ठेव. टेबल मांडलं, सगळे बसले, आणि बघते तर वान्जिरू माझ्या गोळ्या हातात घेऊन दारात उभी, तिला खुर्चीच नाही. कावळा मोजला हो मी, जो आमच्या गार्डनमध्ये कधी फिरकत नाही, आणि मला आंघोळ घालणारी बाई मोजली नाही!

सून म्हणाली, अगंबाई, सॉरी हं, आणते प्लेट. एकच धावपळ. वान्जिरू नो नो, आय ॲम फाइन करत अण्णांच्या फोटोकडे बघायला लागली. मामा, हे तुमचे डॅड का, नैरोबीत काय करायचे? रेल्वेत होते म्हणून सांगता आलं असतं, पण मेली जीभ वळेना खोटं बोलायला. सांगून टाकलं, पोलिसांत होते, मोजणीचं काम. ती फोटोवरून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, माझ्या आजीच्या गावाला तारांचं कुंपण घातलं होतं, बाया-पोरं सगळी आत आणि गेटवर पोलीस. आणि सरळ विचारलं तिने, रागाने नाही, तुमच्या डॅडनी माझ्या आजीला मोजलं होतं का?

मी म्हटलं, नाही ग. गेटवरचा पोलीस मोजला असेल.

ती बसली, थोडं जेवली, वडे छान झालेत म्हणाली सुनेला. माझ्या हातून खीर सांडली होती पदरावर, ती तिनेच ओल्या फडक्याने पुसली, आणि म्हणाली, हात वर करा मामा, कार्डिगन घालते, गार पडलंय. मी मुकाट्याने हात वर केला.

अजून येते ती, रोज, वेळेवर. देव तिचं भलं करो. खरं तर हे तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायला हवं, वयाने मोठी आहे मी, पण तेवढ्यासाठी हात उचलत नाही माझा, म्हणून तुमच्यापाशी म्हणते.