मास्तरांच्या हातची हाडं

चीनमधल्या फोशानच्या, कुंग-फू शिकवणाऱ्या खुआंग मास्तरांच्या दवाखान्यात वाकडी मान घेऊन बसलेल्या सुईलानबाई शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकत होत्या.

"तुझं काय?"

"खांदा. मास्तरांनीच आखाड्यात निखळवलेला, चाळीस वर्षं झाली."

"माझा गुडघाही त्यांचाच. आमची हाडं जोडता जोडता तर ते वैद्य झाले."

"नाडी बघतच नाहीत. कुणाला लाथ कुठे बसली, सगळं पाठ आहे त्यांना."

"बाई, तुम्हाला कुठे मारलं होतं?"

"मला? मी आज पहिल्यांदाच आलेय."

"अरेरे. मग यांना पहिल्या धड्यापासून घेतील."

आतून मास्तरांचा आवाज आला, "नवीन पेशंट कोण? चपला काढून अंगणात उभं राहा."

सुईलानबाई ताडकन उठल्या. मान केव्हाच सरळ झाली होती.